पाणी तोडलेली बाग

शिवरात्र जवळ आली की परभणीत द्राक्षांचे गाडे लागतात आणि माझं डोकं फिरतं. आधी स्टेशनकडून येतात, मग बाजारात पसरतात, आणि माघ संपता संपता एक तरी गाडा आमच्या किराणा दुकानासमोर ठाण मांडतोच. हिरव्या घडांचा ढीग, त्यावर पाण्याचा शिडकावा, आणि गाडेवाल्याचा दिवसभर एकच सूर, "शक्कर हाय शक्कर! खाके देखो, फिर लेव!" मी गल्ल्यावर बसलेली असते. तो एक मणी तोडून माझ्यापुढं धरतो. "अक्का, एक तर खाऊन बघा." मी म्हणते, "नको रे बाबा, मला सोसत नाहीत." सोसत नाहीत हे खोटं आहे, पण रस्त्यावरच्या माणसाला काय काय सांगत बसायचं?

लोकांचे ऋतू तरी धड असतात. माझा आपला संक्रांतीनंतरचा, हुरडा संपलेला, होळी अजून लांब असलेला असा अधलामधला काळ आहे. सकाळी अंगावर शाल लागते आणि दुपारी पंखा. धूळ उडते, तुरीच्या तुराट्या रानात उभ्या रचलेल्या असतात, हरभरा काढायला आलेला असतो, ओठ फुटतात. या दिवसांवर कुणी काही लिहीत नाही, आणि लिहावं असं त्यात फारसं काही नाहीही. पण माझ्या नाकात हे दिवस आले की एक वास येतो. वेलदोडा, मोगरा आणि थोडा मध एकत्र कुटावा तसा वास. तो मस्कट जातीच्या द्राक्षाचा वास आहे, आणि आसपास मस्कटचा एकही घड नसला, तरी येतो.

वालूरच्या शिवारात आमच्या आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रान. विहीर बारमाही, माती काळी, बांधावर लिंब. अव्वा, आमची आई, लवकर गेली. मी परभणीला दिलेली. घरात राहिले आप्पा आणि माझा धाकटा भाऊ बसवराज, आमचा बसू. बसूनं शेतीची पदविका केली, मग नाशिककडं एका वाइनच्या कारखान्यात नोकरीला लागला. गावातली सगळी पोरं बाहेर जात होती तेव्हा हा उलटा घरी आला, आणि येताना मस्कटच्या काड्या घेऊन आला.

वालूरात द्राक्ष म्हणल्यावर लोकांनी आधी पोटभर हसून घेतलं. कापूस, सोयाबीन, तूर सोडून हे काय खूळ? त्यात नाव मस्कट. "बसू, विमानानं आणलीस का रे रोपं?" असं पारावरची माणसं विचारायची. बसू हसायचा. मला मात्र तो सगळं समजावून सांगायचा, दुकानात पोत्यावर बसून, मनुक्याच्या बरणीत हात घालत. "अक्का, ही खायची द्राक्षं न्हाईत. बारीक मणी, बिया लय. पण गोडी अन् वास असा की इचारू नको. घड पिकला तरी तोडायचा न्हाई. पाणी तोडायचं अन् मणी वेलीवरच सुरकुतू द्यायचे. आतलं पाणी उडालं की नुसती साखर राहती. त्याची गोड वाइन होती. आपल्याकडची हवा कोरडी, अवकाळी न्हाई आला तर आपल्यासारखी जागा न्हाई." मग हळूच म्हणायचा, "हे जमलं ना, तर मला कुठंच जायची गरज न्हाई. आप्पापाशीच राहीन." त्याला तेवढंच हवं होतं. आपल्या रानात आपल्याला येतं ते काम करावं आणि म्हाताऱ्याच्या हातची भाकर खावी. आप्पा भाकरी चांगल्या थापायचे, अव्वा गेल्यावर शिकले होते.

"आप्पांना सांगितलंस का, वाइन होणार म्हणून?" मी विचारलं.

"रस काढतेत म्हणून सांगितलंय. खोटं हाय का? रसच काढतेत की आधी."

"बसू, तोंड सांभाळून चाल. आप्पांच्या कानावर दुसऱ्याकडून गेलं तर घरात महाभारत होईल."

"सांगतो ना. एकदा माल निघू दे."

आमचं घर लिंगायताचं. आप्पा तर त्यातही कडक. दारू राहू द्या, दारू पिणाऱ्याच्या ओट्यावर ते पाणी प्यायचे नाहीत. रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचे आणि पूजा करायचे. त्या वेळी घरातल्या मांजरीनंसुद्धा आवाज करायचा नाही. तर त्या वर्षी बागेला पहिला बहार धरला आणि मण्यांत गोडी उतरली, तेव्हा आप्पांनी पहिला घड तोडून आणला, धुतला, आणि तळहातावरच्या लिंगाला एक मणी वाहिला. मग ते रोजचंच झालं. बेलाचं पान, विभूती आणि मस्कटचा एक मणी. पूजा आटोपली की तो मणी तोंडात टाकायचे आणि डोळे मिटायचे. आमचे गुरू जंगम स्वामी घरी आले तेव्हा त्यांच्या ताटात हीच द्राक्षं. स्वामींनी खाल्ली आणि म्हणाले, "आप्पा, ह्याला तर अत्तराचा वास हाय." आप्पांचा चेहरा असा फुलला की बसूच्या लग्नात तरी तेवढा फुलला असता की नाही कुणास ठाऊक. बसूचं लग्न अजून झालेलं नाही. ते आता व्हायचंही नाही.

मी तेव्हा दर आठवड्याला जात होते. सेलूच्या रस्त्यावर एसटीतून उतरलं की बांधापासूनच वास सुरू व्हायचा. येणारेजाणारे सायकल थांबवून उभे राहायचे, नाक वर करून. हसलेली तीच माणसं आता म्हणायची, "बसू, एक घड दे की राव." आप्पा मांडवाखाली खाट टाकून बसायचे आणि पाखरं हाकलायचे. उन्हाचे कवडसे त्यांच्या धोतरावर पडायचे. मणी पिवळे, आरपार दिसणारे, आत बी दिसायची. मी तिथं बसून शेंगा फोडायचे आणि आप्पा गप्पा मारायचे, बहुतेक त्यांच्या मोसंबीच्या जुन्या बागेच्या. त्या मांडवाखाली मला पहिल्यांदा वाटलं की आमच्या घराचं बरं चाललंय. असं वाटायला नको होतं. असं वाटलं की लगेच काहीतरी होतं, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे.

मग बसूनं पाणी तोडलं.

आप्पांना ते कळेचना. घड भरलेले, गोड झालेले, आणि पोरगा ठिबकचा कॉक बंद करून बसलेला. पाच-सहा दिवसांत पानं मलूल झाली. मग मणी आक्रसायला लागले. कातडीवर बारीक सुरकुत्या आल्या. आप्पा सकाळी मांडवाखाली जायचे आणि घड तळहातावर घेऊन बघत राहायचे.

"बसू, बाग तहानलीय रे."

"तहानू द्या. तसंच असतंय ते."

"मोसंबीला आमी पण ताण द्यायचो. पण तो फुलं यायच्या आधी. झाडाला ताण देतेत, फळाला न्हाई. लेकरू पोटात असताना बाईला उपाशी ठेवतेत का?"

त्या दिवशी कारखान्याचा माणूस आलेला होता, शहरी, डोक्याला टोपी, हातात गोडी बघायचं दुर्बिणीसारखं यंत्र. तो एक मणी त्या काचेवर पिळायचा आणि उजेडाकडं धरून बघायचा. आप्पांचं बोलणं ऐकून तो हसला. वाईट हसला असं नाही, पण हसला. आणि बसू त्याच्यादेखत बोलून गेला, "आप्पा, तुमाला न्हाई कळायचं यातलं. तुमी खाटेवर बसा." आप्पा खाटेवर जाऊन बसले. मी तिथंच होते. जन्मभर मातीत हात घातलेला माणूस, गावानं ज्याला पेरणीचं विचारावं असा, तो आपल्याच मांडवाखाली पाहुण्यासारखा हात मांडीवर ठेवून बसला. मला बसूचा राग आला, पण त्याचं लक्ष यंत्रात होतं.

त्यानंतर राणीसावरगावला आमच्या सोयऱ्यांत लग्न लागलं. आप्पा गेले. पंगतीत एका दूरच्या मेव्हण्यानं सगळ्यांसमोर विषय काढला, "आप्पा, तुमी तर आता दारूच्या कारखान्याला माल घालायलात म्हणं. बरं हाय, लिंग गळ्यात अन् बाटली रानात." पंगत हसली. आप्पा ताटावरून उठले नाहीत, अन्नाचा अपमान त्यांना चालत नव्हता. पंगतीतलं हे सगळं त्यांनीच मला पुढं सांगितलं. घरी येऊन त्यांनी बसूला एकच विचारलं, "रस म्हणलास ना रे मला?" बसू खाली बघून म्हणाला, "आप्पा, आधी रसच काढतेत." दुसऱ्या दिवशी पूजेत बेल होता, विभूती होती, द्राक्षाचा मणी नव्हता. भाकरी दोघांच्या होत होत्या, पण आप्पा आपलं ताट घेऊन ओसरीवर जायचे.

त्या मेव्हण्याला मी अजूनही बोलत नाही. मागं एका बारशात समोर आला, मी सरळ तोंड फिरवलं. लोक म्हणाले, अक्काचा स्वभाव. हो, आहे माझा स्वभाव.

शिवरात्रीच्या दिवशी मी साबुदाणा, रताळी असं फराळाचं घेऊन वालूरला गेले. बसू घरी नव्हता. तोडणी ठरली होती म्हणून तो कारखान्याच्या माणसाला आणि गाडीला आणायला आदल्या दिवशीच गेला होता. दुपारचं ऊन होतं. रानात गेले तर लांबूनच मातीचा वास आला, ओल्या मातीचा. मी मनात म्हणलं, पाऊस तर नाही, मग हे काय? मांडवाखाली सगळीकडं ओल. ठिबकचे थेंब टपटप पडत होते, आणि जिथं नळी पोचत नव्हती तिथं आप्पा बादलीनं पाणी घालत होते. उपाशी पोटी. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, कपाळावरची विभूती घामानं ओघळलेली. आणि ते वेलीशी बोलत होते. वेडा माणूस. "पी माय, पी. तुझ्याकडं कुणी बघायलं न्हाई."

"आप्पा, हे काय करायलात? बसूनं पाणी बंद ठेवलं होतं ना?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चोरी पकडल्यासारखं नाही, उलट खुशीत. "अक्का, ये. बग, पानं कशी उचलली. सकाळपासून पाजायलोय. लेकरानं वर्षभर लेकरासारखी सांभाळली अन् ऐन वक्ताला करपवून टाकायला निघाला. आता गाडी यील अन् ही सुकलेली चिपाडं बघून परत जाईल. मग काय करील तो? पुन्हा जाईल ना नाशकाला."

"पण आप्पा, दारूची आहेत ना ती? तुम्ही तर..."

"दारूची का असंनात. जीव हाय की त्याला. अन् पोराची हायत." मग बादली खाली ठेवून म्हणाले, "दारूचा हिशोब मी वर गेल्यावर देईन. महादेवाला काय सांगायचं ते सांगतो मी."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. आणखी कुणी ऐकलं नाही. पाणी मुरून गेलेलं होतं, आणि त्यानं काय होतं हे ना आप्पांना माहीत होतं ना मला. मी आपलं म्हाताऱ्याला धरून घरी आणलं, रताळं उकडून दिलं आणि बसू येईपर्यंत तिथंच राहिले.

सुकत आलेल्या मण्याला एकदम पाणी मिळालं की तो ते पितो, आणि कातडं फुटतं. ते मला आता माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मणी टम्म दिसले, आप्पा लय खूश. तिसऱ्या दिवशी फुटले. घडच्या घड फुटले. रस गळायला लागला, त्यावर गांधीलमाशा, मधमाशा, चिलटं. खाली रसाचं चिकट डबकं झालं आणि उन्हानं ते आंबलं. सगळ्या शिवारात दारूचा वास सुटला. आमच्या, लिंगायताच्या रानात! शेजाऱ्याच्या शेळ्या मांडवात शिरल्या आणि ते खाऊन डुलायला लागल्या. पोरं बघायला आली, टाळ्या पिटायला लागली. एरवी मीही हसले असते.

बसू गाडी घेऊन आला. कारखान्याच्या माणसानं एक घड उचलला, फुटलेला मणी चाखला, थुंकला. यंत्र पिशवीतून काढलंसुद्धा नाही. "बसवराज, हा माल नाही चालणार," म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. बसू ओल्या मातीत उकिडवा बसला. ठिबकची नळी हातात धरून बघत राहिला. आप्पा बांधावर उभे. मला वाटलं, आता बसू ओरडेल, शिव्या देईल, मग आप्पाही बोलतील, आणि होऊन जाईल एकदाचं. बसू उठला, कॉक बंद केला आणि घरी गेला. आमच्या घरात भांडणं कधी नीट झालीच नाहीत.

पण गावाला तोंड होतं. गावानं आपल्या मनानं गोष्ट जुळवली. आप्पांना वाइनचं कळलं, आप्पांनी लग्नातला अपमान गिळला, आणि शिवरात्रीच्या दिवशी, उपवास धरून, आप्पांनी पोराची दारूची बाग पाण्यात घातली. काय माणूस! काय निष्ठा! पारावर, हॉटेलात, चक्कीवर, जिकडंतिकडं हेच.

शिवनाम सप्ताह चालू होता. समाप्तीच्या दिवशी देवळात सगळा समाज जमला, आणि सप्ताहाच्या पुढाऱ्यानं उभं राहून आप्पांचं नाव पुकारलं. "पोटच्या पोराचा मळा बुडवला, पण धर्म बुडू दिला न्हाई. अशा माणसाचा आपण सत्कार करायचा हाय." टाळ्या झाल्या. शाल आणली होती, बदामी रंगाची, जरीच्या काठाची. मी बायकांत बसले होते. आप्पा खांबाला टेकून बसलेले. मी मनात म्हणत होते, आप्पा, बोला. म्हणा की, न्हाई बाप्पा, मला कळलं न्हाई. तेवढंच म्हणायचं होतं. आप्पा उठले. पुढं गेले. मधेच क्षणभर थांबले, मागं दाराकडं बघितलं, मग मान वाकवली. पुढाऱ्यानं शाल पांघरली. टाळ, मृदंग वाजले.

घरी आल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडले. "आप्पा, हे झूट आहे. तुम्ही बाग वाचवायला पाणी घातलं होतं. बसूला सांगा. आत्ता सांगा."

"काय सांगू?" आप्पा म्हणाले. "मला अक्कल न्हाई म्हणून पाणी घातलं, असं सांगू? त्या टोपीवाल्यापुढं म्हणला ना तो, तुमाला न्हाई कळायचं. तेच खरं झालं म्हणून सांगू?"

"त्यानं काय होतंय? लेकरू आहे तुमचं."

"लोक म्हणायलेत ते म्हणू दे. बरं म्हणायलेत." शाल त्यांनी घडी घालून कोनाड्यात ठेवली. हळू घडी घातली, काठाला काठ लावून. मी ते बघत होते आणि माझा जीव जळत होता.

बसू होळीच्या आधी गेला. पुन्हा नाशिककडंच, त्याच कामाला, दुसऱ्याच्या बागांत दुसऱ्याचे मणी सुकवायला. बाग आप्पांनी दुसऱ्या वर्षी काढून टाकली. मांडवाचे लोखंडी अँगल गोठ्याला लावले. विहिरीपाशी लिंबावर चढलेली एक वेल तेवढी राहिली, तिला हात लावू दिला नाही. रोज सकाळी पूजा झाली की तांब्याभर पाणी तिला.

मी बसूला फोनवर सांगितलं. एकदा नाही, दर वर्षी, हे दिवस आले की. "अरे, आप्पांनी रागानं नाही घातलं पाणी. त्यांना बघवलं नाही. मी स्वतः ऐकलंय." तो म्हणायचा, "बरं." मग विचारायचा, दुकान कसं चाललंय, दाजींचा गुडघा कसा आहे. माझी समजूत अशी की त्याला माझं खरं वाटत नाही, मोठी बहीण मिटवामिटवी करते असं वाटतं. एकदा माझ्या घरी आला, परभणीपर्यंत, वालूरला गेला नाही. येताना एक बारकी बाटली घेऊन आला, त्याच्या कारखान्यातल्या मस्कटच्या गोड वाइनची. "पिऊ नको, नुसता वास घे," म्हणला. तो गेल्यावर मी बूच काढलं. मांडवाखालचं सगळं ऊन त्या बाटलीत होतं. मी बूच घट्ट लावलं आणि बाटली कणकेच्या डब्यामागं ठेवली. आमच्या ह्यांना सापडली तेव्हा ते म्हणाले, "कधीपासून?" मी हसले, आणि मग रडले, आणि त्यांना काहीच कळलं नाही.

मला आप्पांचा राग येतो. गेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात. मी धरते. एक वाक्य बोलायला त्यांना उरलेला सगळा जन्म होता. पोराच्या आठवणीनं ते झुरत होते, ते काय मला दिसत नव्हतं? फोन वाजला की मान वर करायचे. माझ्या फोनवर बसूचं नाव दिसलं की उठून गोठ्यात जायचे आणि मी बोलणं संपवलं की लगेच परत यायचे. "काय म्हणला?" विचारायचे नाहीत. माझ्या तोंडाकडं बघत बसायचे. आणि कुणी पाहुणा आला, शालीची गोष्ट निघाली, की गप्प राहायचे. गप्प राहून ती गोष्ट खरी करायचे.

गेल्या वर्षी याच दिवसांत आप्पा गेले. आजारी होते, तरी सकाळी पूजेला बसले ते तसेच. बसू आला. गाडी रानापाशीच थांबवली त्यानं, घरी गेला नाही. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. आप्पांना रानातच खड्डा केला होता, विहिरीच्या पलीकडं. आप्पा बसलेले, गळ्यात माळ, कपाळाला विभूती, आणि अंगावर ती बदामी शाल. कुणीतरी आठवणीनं कोनाड्यातून काढून आणली होती. स्वामींचे मंत्र झाले. बेल आणि विभूती पडली. आणि मग सप्ताहाचा तोच पुढारी, आता काठी टेकत आलेला, बोलायला लागला. "ह्या रानात, ह्याच जागी, ह्या माणसानं पोराचा दारूचा मळा..."

"झूट!" मी ओरडले. "साफ झूट आहे! म्हाताऱ्याला वेलींची तहान बघवली नाही. पोराची बाग वाचवायला घातलं होतं पाणी. मी होते इथं. मी ऐकलंय!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मग दोन बायकांनी मला धरलं. "शांत हो अक्का, शांत हो. बाप गेलाय तिचा." पुढाऱ्यानं थोडं थांबून आपलं बोलणं पूर्ण केलं. बसूनं मान वर केली नाही. मूठभर माती टाकली, हात झटकले.

सगळे पांगल्यावर मी त्याला शोधलं. तो विहिरीपाशी, लिंबावरच्या त्या वेलीखाली उभा होता. घड पिकून लोंबत होते, कुणी तोडले नव्हते, मणी सुरकुतायला लागले होते. आप्पा आजारी असल्यापासून पाणी मिळालं नव्हतं. तोच तो वास. बसूनं विहिरीतून बादली ओढली आणि वेलीच्या बुडाशी ओतली. दुसरी ओढली, ती पण ओतली. मला भरून आलं. म्हणलं, चला, उशिरा का होईना.

"आता तरी पटलं ना तुला?" मी म्हणलं. "आप्पांनी कामून पाणी घातलं ते?"

"ते तेव्हाच पटलं होतं गं अक्का," बसू म्हणाला. "नळी हातात घेतली तेव्हाच. जिथं ठिबक पोचत नव्हतं तिथं बादलीनं आळं भरल्याची ओल होती, एकेका वेलीच्या बुडाशी. बाग बुडवणारा माणूस असं पाणी घालतो का?"

"मग इतकी वर्षं? मग आला कामून न्हाईस?"

त्यानं रिकामी बादली विहिरीच्या काठावर पालथी घातली.

"सप्ताहाच्या दिवशी मी देवळात आलतो. मागं, दारात उभा होतो. आप्पाला घेऊन घरी जावं, पाया पडावं अन् म्हणावं, जाऊ द्या, पुढच्या साली बगू. म्हणून आलतो. त्यांनी शाल घ्यायच्या आधी मागं बघितलं. मी दिसलो त्यांना, अक्का. चांगला दिसलो. अन् मग त्यांनी मान खाली केली, शाल घ्यायला."

तो त्याच दिवशी गेला. वेलीवरचे मणी फुटायला लागले तेव्हा मी एकटीच वालूरला होते. घराला कुलूप घातलं, एसटी धरली, आणि दुकानात येऊन गल्ल्यावर बसले. समोर द्राक्षांचा गाडा लागलेला होता.